रांगेची मक्तेदारी: बजाज स्कूटरचं प्रकरण

सत्तरच्या दशकात पुण्या-मुंबईत स्कूटरच्या किमतीचा एक उलटा हिशोब चालायचा. शोरूमची कोरी बजाज स्वस्त, आणि दोन-तीन वर्षं वापरलेली, मडगार्डला पोचा पडलेली बजाज महाग. जुनी घेणारा खुळा नव्हता आणि विकणारा ठगही नव्हता. जुनी आज संध्याकाळी घरी नेता येत होती. नवीसाठी नाव नोंदवून थांबायचं होतं, आणि ते थांबणं काही वर्षांचं, कधी दहा वर्षांच्या घरातलं असे. लग्न ठरलं तेव्हा बुकिंग केलं आणि पोरगं शाळेत जायला लागल्यावर नंबर लागला, हा किस्सा त्या पिढीच्या मध्यमवर्गीय घरांत इतका घासून गुळगुळीत झालाय की तो खरा कोणाच्या घरी घडला हे आता कुणी विचारत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात मक्तेदारीची खूण शिकवतात ती अशी: विक्रेता मुद्दाम माल कमी काढतो आणि भाव चढा ठेवतो. बजाज ऑटोच्या बाबतीत ही खूण लागू करायला गेलं की घोटाळा होतो. कंपनी जास्त स्कूटर काढायला एका पायावर तयार होती, सरकार काढू देत नव्हतं. भावही तिला हवा तसा वाढवता येत नव्हता. तरी बाजार तिच्याच मुठीत. मग ही ताकद होती तरी कसली? माझ्या मते तिचं उत्तर कारखान्यात कमी आणि रांगेत जास्त सापडतं. रांग होती तोवर ताकद होती, आणि रांग संपल्यावर ती गेली. फक्त ती गेल्याचं कंपनीला पंधरा वर्षं कळलं नाही, कारण त्याच पंधरा वर्षांत विक्री बहुतेक काळ वाढत होती.

रांग कशी लागली

गोष्ट १९४५ ची. जमनालाल बजाज यांच्या घराण्याने बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन काढली, आणि १९४८ पासून दुचाकी-तीनचाकी परदेशातून आणून विकायला सुरुवात केली. १९५९ मध्ये त्या इथेच बनवायचा परवाना मिळाला, पुढच्याच वर्षी कंपनी पब्लिक लिमिटेड झाली आणि इटलीच्या पियाजिओशी तांत्रिक करार झाला. पुण्याजवळ आकुर्डीत पियाजिओची व्हेस्पा स्कूटर बनू लागली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मैदानात बजाज पहिली नव्हती. मुंबईची ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी पन्नासच्या दशकातच लॅम्ब्रेटा ही दुसरी इटालियन स्कूटर जुळवत होती, आणि साठच्या दशकात रुबाबाची गाडी म्हटली की लॅम्ब्रेटाच लोकांच्या डोळ्यांसमोर यायची. म्हणजे ‘आधी आला म्हणून जिंकला’ हे उत्तर इथे चालत नाही.

परवाना म्हणजे नुसती परवानगी नव्हती. वर्षाला किती नग काढायचे याचा आकडाही त्यात असे. त्यापेक्षा फार जास्त काढले तर गुन्हा. यंत्रं वाढवायची तर दिल्लीला अर्ज, सुटे भाग परदेशातून आणायचे तर परकीय चलनासाठी वेगळा अर्ज. दुसऱ्या बाजूला विक्रीवरही नियंत्रण होतं. १९६० च्या सरकारी आदेशाने स्कूटरचं वाटप बांधून दिलं होतं. ग्राहकाने नाव नोंदवायचं, पोस्टाच्या बचत खात्यात ठेव ठेवायची, क्रमांक लागेपर्यंत वाट बघायची. सरकारी नोकरांसाठी वेगळा कोटा. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर-पौंडात पैसे पाठवले तर मात्र नंबर झटक्यात लागे, त्यामुळे अमेरिकेतला भाऊ किंवा आखातातला मेहुणा ही त्या काळी मोठीच मालमत्ता होती.

शहरं वाढत होती. पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक इथे कारखाने येत होते, बस वेळेवर येत नव्हती आणि मोटार परवडत नव्हती. स्कूटरची मागणी वाढणं अटळ होतं. नगांचा आकडा मात्र कागदावर गोठलेला. दोन्हींमधली फट म्हणजे ती रांग.

कायद्याने मक्तेदारी कशी जपली

आता या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा, म्हणजे खरं तर डोक्याला हात लावायला लावणारा भाग.

१९६४ मध्ये न्यायमूर्ती दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली मक्तेदारी चौकशी आयोग नेमला गेला. आर्थिक सत्ता मोजक्या घराण्यांच्या हातात एकवटतेय, हा त्याच्या अहवालाचा गाभा. पुढे १९६९ मध्ये मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारी प्रथांविरुद्धचा कायदा झाला. सगळे त्याला एमआरटीपी म्हणत. २० कोटींहून जास्त मालमत्तेची घराणी आणि बाजाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त हातात असलेल्या कंपन्या त्याच्या कक्षेत आल्या. त्यांना मोठा विस्तार करायचा तर वेगळी परवानगी, त्यासाठी चौकशी, त्यासाठी सुनावणी.

हेतू वाईट नव्हता. पण स्कूटरच्या बाजारात त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. ज्या कंपनीची गाडी लोकांना हवी होती, तिला ‘तू आधीच मोठी आहेस’ म्हणून वाढू दिलं नाही. ज्या कंपन्यांना वाढायची मुभा होती, त्यांची गाडी लोकांना नको होती. परदेशी कंपनी येऊ शकत नव्हती. आयात बंद. मग मागणी वळून कुठे जाणार? ती बजाजच्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. रांग जेवढी लांब, तेवढा बजाजचा धंदा निर्धोक. मक्तेदारी मोडायला आलेला कायदा असा तिचा राखणदार झाला.

राहुल बजाज १९६८ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले. हार्वर्डहून शिकून आलेले, तिशीतले, आकुर्डीच्या कारखान्याच्या आवारातच राहणारे. परवान्यापेक्षा जास्त स्कूटर काढल्या म्हणून तुरुंगात जावं लागलं तरी जाईन, माझे आजोबा देशासाठी गेले होतेच, असं ते जाहीरपणे म्हणत. आजोबा म्हणजे जमनालाल, गांधीजी ज्यांना आपला पाचवा मुलगा मानत ते. या बोलण्यात तळमळ खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण त्याच परवानाराजने त्यांच्या अंगणाभोवती कुंपणही घातलं होतं, हेही तितकंच खरं. १९९३ मध्ये देशी उद्योगपतींचा ‘बॉम्बे क्लब’ परदेशी कंपन्यांच्या आधी आम्हाला बरोबरीचं मैदान द्या म्हणून पुढे आला, तेव्हा त्यातला सर्वांत खणखणीत आवाज राहुल बजाज यांचाच होता. वाढू न देणारं कुंपण नको, पण बाहेरच्याला अडवणारं इतक्यात काढू नका. कुंपण एकच होतं, हीच तर अडचण.

मग बाकीचे का हरले

सगळं श्रेय परवानाराजला देऊन मोकळं होणं सोपं आहे, आणि बरेच लोक तसं करतातही. ते मला पटत नाही. परवाने इतरांकडेही होते.

१९७१ मध्ये पियाजिओबरोबरचा करार संपला आणि सरकारने तो वाढवू दिला नाही. इटालियन तंत्र, इटालियन नाव, दोन्ही गेलं. लेचीपेची कंपनी इथेच आडवी झाली असती. बजाजने तोवर बहुतेक सुटे भाग इथेच बनवून घ्यायची घडी बसवली होती. आकुर्डीच्या आसपास, भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये, कुणी केबल, कुणी रबरी भाग, कुणी दाबून काढलेले पत्रे पुरवत होता. १९७२ मध्ये तीच गाडी ‘चेतक’ या नावाने आली, महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. पुढे पियाजिओने परदेशी न्यायालयांत दावे लावले आणि बजाजची निर्यात अडखळली. देशात मात्र कुणाला फरक पडला नाही.

त्याच १९७२ मध्ये सरकारने स्वतःची कंपनी काढली. लखनौची स्कूटर्स इंडिया. इटलीतल्या इनोचेंतीचा लॅम्ब्रेटाचा कारखाना यंत्रांसकट विकत घेतला, आणि त्यातून ‘विजय सुपर’ निघाली. तिचीच भावंडं राज्याराज्यांत निघाली, गुजरातेत ‘गिरनार’, आंध्रात ‘ऑल्विन पुष्पक’. या गाड्या ताबडतोब मिळत. तरी लोक ताबडतोब मिळणारी विजय सुपर सोडून पाच वर्षांनी मिळणाऱ्या बजाजसाठी थांबत. कुठलाही कायदा त्यांना तसं करायला लावत नव्हता.

कारण साधं होतं. लॅम्ब्रेटाच्या घराण्यात नळ्यांचा सांगाडा, मधोमध इंजिन आणि तिथून मागच्या चाकापर्यंत साखळी. व्हेस्पाच्या घराण्यात पत्र्याचं अंग हाच सांगाडा आणि इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलेलं, मध्ये साखळी नाही. बिघडायला जागा कमी. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला ती डोळे मिटून खोलता येई आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळत. गाडी विकायला काढली तर घेतल्या भावापेक्षा जास्त मिळतील ही खात्री. ही शेवटची बाब रांगेतूनच आली होती, म्हणजे रांग स्वतःलाच पोसत होती. पण बाकीचं आकुर्डीने कमावलेलं होतं, हे नाकारून चालणार नाही.

महाराष्ट्र सरकारने मात्र वेगळी शक्कल लढवली. स्पर्धा न करता भागीदारी केली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स काढली, आणि तिथून ‘प्रिया’ बाहेर पडली. चेतकचीच बहीण, फक्त कपाळावर नाव वेगळं. साताऱ्यात अजूनही प्रियाचा उल्लेख गावच्या लेकीसारखा होतो. त्या कंपनीची पुढची कथा स्वतंत्र लेखाची आहे. शेअर कोणत्या भावाने विकायचे यावरून दोन्ही भागीदारांत वर्षानुवर्षं लवाद आणि कोर्टकचेरी झाली, आणि आज ती स्कूटर बनवत नाही, बजाज समूहातली गुंतवणूक सांभाळते.

कंपनीच्या आकड्यांत ही वाढ दिसते. १९७० पर्यंत, म्हणजे पहिल्या दहा वर्षांत मिळून, एक लाखावी गाडी निघाली. १९७७ मध्ये एका वर्षात एक लाख विकल्या. आणि तरी रांग हटत नव्हती.

किक मारणारा माणूस

रांगेचा फायदा ताळेबंदात दिसतो. न विकलेला माल नाही, उधारी नाही, जाहिरातीची गरज नाही, डीलर पैसे आधी मोजतो. रांगेची किंमत मात्र ताळेबंदात दिसत नाही. ती बघायला सकाळी साडेआठला एखाद्या सोसायटीच्या आवारात जायला हवं होतं.

इन शर्ट केलेला माणूस डबा हँडलच्या हुकाला अडकवतो. पेट्रोलचा कॉक उघडतो, चोक ओढतो, किक मारतो. एक, दोन, पाच. मग गाडी अंगाकडे आडवी कलती करून धरतो, इतकी की स्टेपनी जमिनीला टेकेल असं वाटावं, आणि पुन्हा उभी करून किक. तेवढ्यानेही नाही झालं तर उजव्या बाजूचं झाकण काढून प्लग बाहेर, काजळी पॉलिश पेपरने घासायची, फुंकर मारायची, परत लावायचा. डिकीत फडकं, पान्हा आणि एक जादा प्लग कायम. सुरू झाली की निळसर धूर आणि तो ओळखीचा फटफटाट. पंपावर गेलं की पेट्रोलबरोबर ऑइल मापून घालून घ्यायचं, दोन-स्ट्रोक इंजिनाला ते लागतंच. गिअर डाव्या मुठीत पिळून टाकायचा. त्याची केबल तुटली की सेकंडमध्येच घर गाठायचं.

यातलं काही फार कठीण नव्हतं आणि लोकांना त्याची सवयच नव्हे तर थोडी माया होती. आमच्या शेजारी एक काका रविवारी गाडी धुवायचे तेव्हा पोरांना फक्त डावी बाजू पुसायची परवानगी असे, उजवी त्यांची स्वतःची. पण धंद्याच्या नजरेने बघा. ही कसरत सगळा देश रोज करत होता आणि ती कमी करावी असं कंपनीला वाटायचं काही कारणच नव्हतं. पुढचे पाच वर्षांचे ग्राहक आधीच पैसे ठेवून उभे आहेत. त्यांच्यापैकी कुणी ‘मला बटण हवंय’ म्हणून रांग सोडून जात नाहीये. चेतक १९७२ ला जशी होती जवळपास तशीच १९८५ ला होती. रांगेतला माणूस एकच प्रश्न विचारतो, नंबर कधी लागणार. गाडी कशी हवी हे तो सांगत नाही, आणि त्याला कुणी विचारतही नाही.

बायकांना तर कुणी विचारलंच नाही. दीडशे सीसीची, एका बाजूला वजन असलेली ती जड गाडी साडी नेसून किक मारायची म्हणजे काय, हे आकुर्डीत कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही. पुण्यातल्या बायका लूनावर फिरत होत्या. गंमत म्हणजे फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ पासून बनवलेली ही लूनासुद्धा मुळात पियाजिओच्याच एका मोपेडवर बेतलेली. मोठ्या दारातून बाहेर काढलेला इटालियन छोट्या दारातून घरोघरी पोचला होता.

समोरून नाही, बाजूने

१९८२ च्या सुमारास सरकारने दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला वाट मोकळी केली. दोन-तीन वर्षांत सुझुकी टीव्हीएसकडे, यामाहा एस्कॉर्ट्सकडे आणि पियाजिओ कानपूरच्या एलएमएलकडे आली. होंडाने स्कूटर पुण्याच्या फिरोदियांना दिली आणि मोटारसायकल लुधियानाच्या मुंजालांना. तेव्हाच्या हिशोबाने सोन्याचं अंडं फिरोदियांना मिळालं होतं, कारण भारतात दुचाकी म्हणजे स्कूटर हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

बजाजने स्पर्धा गांभीर्याने घेतली. औरंगाबादजवळ वाळूजला नवा कारखाना १६ महिन्यांत उभा करून १९८५ मध्ये सुरू केला. १९८६ मध्ये कंपनीने एका वर्षात पाच लाख गाड्या विकल्या. एलएमएलची व्हेस्पा दिसायला नवी होती, कायनेटिक होंडा बटणावर सुरू व्हायची आणि तिला गिअरच नव्हते. तरीही चेतकचा भाव आणि गॅरेजवाल्यांची फौज यांच्यापुढे दोघींनाही बजाजचा बाजार फोडता आला नाही. पुण्यात कायनेटिक होंडा घराघरांत गेली हे खरं, पण देश म्हणजे पुणे नव्हे, असं म्हटलं तर पुण्यातले वाचक क्षमा करतील.

१९८९ मध्ये ‘हमारा बजाज’ची जाहिरात दूरदर्शनवर आली. आज ती बघताना सगळ्यांचे डोळे ओले होतात. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. दहा वर्षांची रांग असलेल्या कंपनीला लोकांना ‘आम्ही तुमचेच’ असं सांगावं लागत नाही. रांग ओसरत होती, आणि ते कंपनीतल्या कुणाला तरी चांगलं समजलं होतं.

खरा घाव आला तो हरियाणातल्या धारूहेड्याहून. १९८५ मध्ये मुंजालांच्या हीरो होंडाची सीडी १०० ही मोटारसायकल आली. शंभर सीसीच्या आतलं चार-स्ट्रोक इंजिन, ऑइल मिसळायची भानगड नाही, आणि एका लिटरला ८० किलोमीटरचा दावा. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’, टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. चेतकवाल्या माणसाला यातला ‘विसरून जा’ हा भागच अविश्वसनीय वाटला असणार. दिसायला ती काही रुबाबदार नव्हती. फटफटी म्हणजे बुलेट किंवा राजदूत असं ज्यांच्या डोक्यात होतं त्यांना ती सायकलला इंजिन लावल्यासारखी वाटली.

मग एकेक गोष्ट तिच्या बाजूने पडत गेली. १९९० च्या आखाती संकटात पेट्रोल महागलं आणि ‘अ‍ॅव्हरेज किती देते’ हा प्रश्न पहिल्या क्रमांकावर गेला. १९९१ मध्ये परवानाराजच संपलं, एमआरटीपीची विस्तारबंदीही उठली. १९९६ आणि मग २००० मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि दोन-स्ट्रोक इंजिनाचा गळा आवळला गेला.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण चाकाच्या मापात होतं. चेतकचं चाक दहा इंची. डांबरी रस्त्याच्या शहरासाठी ठीक. नव्वदच्या दशकात गाडी घ्यायला निघालेला नवा ग्राहक शहरातला कारकून नव्हता. तो खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा होता, दुधाचे कॅन घेऊन डेअरीला जाणारा, शिक्षक, एजंट, पाणंदीच्या रस्त्याने तालुक्याला जाणारा. पावसाळ्यातल्या चाकोरीत दहा इंची चाक रुततं किंवा घसरतं. मोटारसायकलचं मोठं चाक निघून जातं. हा माणूस बजाजच्या रांगेत कधीच नव्हता. त्यामुळे रांगेकडे बघून बाजार समजून घेणाऱ्या कंपनीला तो दिसला नाही.

बजाजकडे मोटारसायकल नव्हती असं नाही. कावासाकीबरोबर केबी १०० १९८६ मध्येच आली होती. तंत्र होतं, कारखाना होता, पैसा होता. पण कंपनीचं मन स्कूटरमध्ये होतं आणि तसं असायला भरभक्कम कारण होतं: १९९५ मध्ये बजाजने एका वर्षात दहा लाख गाड्या विकल्या. एवढी विक्री आधी कधीच झाली नव्हती. अशा वर्षी संचालक मंडळाच्या बैठकीत कुणी म्हणालं असतं की आपला बाजार हातातून चाललाय, तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. विक्री दुप्पट होत असताना बाजार तिप्पट होत असेल तर तुम्ही हरताय, हे गणित सोपं आहे. पण ते रोज सकाळी स्वतःला सांगत राहणं सोपं नाही.

दशक संपता संपता देशात मोटारसायकली स्कूटरच्या पुढे गेल्या. २००१ मध्ये हीरो होंडा दुचाकींत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी बजाजने पल्सर आणली, आणि राहुल यांचे चिरंजीव राजीव बजाज यांच्या हाताखाली कंपनी खऱ्या अर्थाने मोटारसायकलची झाली. २००५ च्या सुमारास चेतक बंद पडली. २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्णच सोडल्याचं जाहीर केलं आणि या निर्णयाने आपल्याला वाईट वाटलं, असं राहुल बजाज उघडपणे म्हणाले. बापलेकांत असे मतभेद घरोघरी असतात, पण ते बहुधा शेतीच्या बांधावरून असतात.

आता दोघांत बरोबर कोण? कंपनीच्या नफ्याकडे बघितलं तर मुलगा. पल्सर नसती तर आज ही कंपनी एलएमएलसारखी आठवणीत राहिली असती. पण स्कूटर मेली असं जे त्यांनी मानलं ते चुकलं. मेली होती ती किकची, गिअरची, दोन-स्ट्रोक स्कूटर. होंडाने २००१ मध्ये स्वतंत्रपणे आणलेली अ‍ॅक्टिव्हा बटणावर सुरू होत होती, तिला गिअर नव्हते आणि ती घरातल्या कुणालाही चालवता येत होती. पुढच्या दशकात देशातल्या दुचाकींपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पुन्हा स्कूटर झाल्या, आणि त्या बाजारात बजाज हे नावच नव्हतं. ज्या बायकांना १९७२ मध्ये कुणी विचारलं नव्हतं, त्या यात मोठ्या संख्येने होत्या.

रिक्षात मात्र टिकली

एक पोटकथा राहते. हीच कंपनी, हेच आकुर्डी, हेच दोन-स्ट्रोक इंजिन. पण रिक्षाच्या बाजारातलं बजाजचं पहिलं स्थान अजून हललेलं नाही. असं का?

रिक्षावाल्याला गाडी म्हणजे रोजी. ती एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई गेली, शिवाय हप्ता डोक्यावर. त्यामुळे तो नव्या गाडीचे गुण बघत नाही, तिचा मेस्त्री कुठे भेटेल ते बघतो. आणि बजाजचा मेस्त्री प्रत्येक स्टँडशेजारी असतो. शिवाय इथे कंपनीने वेळेवर कात टाकली, चार-स्ट्रोक आणि सीएनजी दोन्ही आणलं. मुंबई-पुण्यात नव्या परमिटवर वर्षानुवर्षं बंदी होती, म्हणजे रांग इथेही होती; पण तिचा मलिदा परमिट धरून बसलेल्यांकडे गेला, कारखान्याकडे नाही. रांग आहे म्हणून सुस्त पडून राहणं इथे कंपनीला परवडण्यासारखं नव्हतं.

तरी मालवाहू तीनचाकीचा मोठा तुकडा गेलाच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डिझेलवरची ‘आपे’ आली आणि भाजीपाला, सिलिंडर, पाण्याचे जार तिच्यावर चढले. ती बनवणारी कंपनी होती पियाजिओ, १९७१ मध्ये जिचा करार दिल्लीने वाढवला नव्हता तीच. आणि कारखाना बारामतीत, आकुर्डीपासून शंभरेक किलोमीटरवर.

जानेवारी २०२० मध्ये बजाजने चेतक पुन्हा आणली, या वेळी विजेवर चालणारी. किक नाही, चोक नाही, प्लग नाही. पुणे आणि बंगळुरूत सुरुवात झाली. एप्रिल २०२१ मध्ये दोन हजार रुपये भरून मोबाइलवर नाव नोंदवायची सोय पुन्हा उघडली आणि ४८ तासांत बंद करावी लागली, कारण मागणी पुरवता येत नव्हती. रांग परत आली होती. फरक एवढाच की रांगेतला माणूस थांबल्या थांबल्या मोबाइलवर दुसऱ्या दोन कंपन्यांच्या गाड्या बघत होता.